कौतुकाच्या कागदाखालची सूचना

“आधी खालचा कागद काढायचा, मग नवा लावायचा. एकावर एक लावलास तर याचं तोंड दाबल्यासारखं होईल बघ.”

म्हाताऱ्या शिपाईकाकांनी नव्या कारकुनाला दिलेली ही ताकीद मला अजून ऐकू येते. मित्रांनो, विद्यापीठाच्या गणित विभागाबाहेर, जिन्याशेजारी टांगलेला मी एक जुना सूचनाफलक आहे. एका सुताराने लाकडी चौकटीत मऊ पुठ्ठा बसवला, त्यावर हिरवे कापड ताणले आणि मला घडवले. माझे व्रत एकच. सोपवलेले दाखवायचे, लपवायचे नाही.

एके काळी माझ्यापुढे गर्दी मावत नसे. निकालाच्या दिवशी मुले एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत. कोणी बोटाने आपले नाव शोधी आणि ते सापडताच तिथेच डोळे पुसी. नवा अभ्यासक्रम, बदललेला तास, पाहुण्यांचे व्याख्यान, सारे आधी मला कळे. पुढे सूचना फोनवर जाऊ लागल्या. माझे कापड विटले, कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटला.

तरी सूतगिरणीत काम करून आमच्या विभागात शिकणारी एक ताई रोज सकाळी माझ्यापुढे उभी राही. घरातला एकुलता फोन ती आजारी आईच्या उशाशी ठेवून येई, म्हणून तिचा सारा भरवसा माझ्यावर. तिची शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. ती झाली की पदवी हातात, नाहीतर वर्ष वाया. विभागप्रमुख बाईंनी तिला माझ्यासमोरच शब्द दिला होता, “तू फक्त फलक बघत जा. तुझी परीक्षा झाल्याशिवाय मी परीक्षकांना जाऊ देणार नाही.”

आणि नेमके घडले ते असे. बाहेरगावच्या परीक्षकांना लवकर परतायचे होते, म्हणून परीक्षा एक दिवस अलीकडे आली. तशी सूचना माझ्यावर लागली. त्याच संध्याकाळी बाईंना मोठा सन्मान मिळाल्याची बातमी आली. शिपाईकाकांची ताकीद ऐकलेले ते कारकूनभाऊ हरखून गेले. बातमीचा कागद मोठा, त्याला मधोमध जागा हवी. घाईघाईत त्यांनी तो सूचनेवरच टाचला.

सकाळी ताई आली. बातमी वाचून तिचा चेहरा फुलला. “बाईंनी नाव काढलं हो,” ती स्वतःशीच म्हणाली आणि वळली. माझा जीव कासावीस झाला. देवा, एक टाचणी तरी सुटू दे, असे मी विनवीत राहिलो. पण टाचण्या नव्या होत्या, घट्ट रुतल्या होत्या. ताईची पावले जिना उतरून गिरणीकडे गेली.

दुपारी तिची खुर्ची रिकामीच. परीक्षक सारखे घड्याळ बघत होते. “गैरहजर लिहून टाका, बाई. या मुलांना कशाची किंमत नाही.”

सूचना तर लावली होती, असे पुटपुटत बाई तणतणत बाहेर आल्या आणि स्वतःच्याच नावासमोर थबकल्या. मागून कारकूनभाऊ कौतुकाने म्हणाले, “मधोमध लावलाय, बाई. जिन्यातूनच दिसतो.”

बाईंनी कागदाचा कोपरा उचलला. भाऊंचा चेहरा पडला. “खाली काय आहे ते बघायचं राहिलं, बाई.”

“राहिलं खरं,” एवढेच त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी एकेक टाचणी उपसून काढली.

मित्रांनो, आम्हा फलकांना हात नसतात, वाचाही नसते. म्हणून कौतुकाचा कागद लावताना त्याच्याखाली कोणाचे काय झाकले जाते, तेवढे पाहा. कोणीतरी केवळ आमच्या भरवशावर घराबाहेर पडलेले असते.

बाईंनी बातमीची घडी करून पर्समध्ये टाकली. आत जाऊन परीक्षकांना विचारले, “गाडी संध्याकाळची आहे ना? मग चहा घ्या, बसा.”

“आणि तुम्ही कुठे निघालात?”

बाईंनी पायात चपला सरकवल्या. त्या जिना उतरल्या, आणि त्यांची पावले गिरणीच्या रस्त्याकडे वळलेली मी ऐकली.