निळ्या ठिपक्याच्या सोळा स्प्रिंगा

रविवारी गॅरेज बंद असायचं, पण मालकाच्या लेकीला घरी चैन पडत नसे. सकाळी दहाच्या सुमाराला ती शटर अर्धं वर करून आत शिरली आणि आठवड्याचा पसारा आवरू लागली. पाने पुसून जागच्या जागी टांगले, तेलाचे बोळे डब्यात टाकले, आणि उरलेले सुटे भाग ठेवायला टेबलाचा खालचा खण ओढला. खणात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. उचललं तर जड. तिने ते उघडून पाहिलं.

आत व्हॉल्व्हच्या सोळा स्प्रिंगा होत्या. कोऱ्या करकरीत. प्रत्येकीवर निळ्या रंगाचा ठिपका.

या स्प्रिंगा खणात असायलाच नको होत्या. त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीत असायला हव्या होत्या, आणि ती गाडी कालच संध्याकाळी गॅरेजमधून गेली होती.

तिने धावत जाऊन दुसऱ्या टेबलावरचं खोकं पाहिलं. पोस्टातल्या कारकुनाच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवायचा वरचा भाग, तिथे उघडं पडलं होतं, त्याचं काम सोमवारी व्हायचं होतं. त्याच्या स्प्रिंगा पांढऱ्या ठिपक्याच्या. ते खोकं रिकामं होतं.

आता संशयाला जागाच उरली नाही. पांढऱ्या स्प्रिंगा डॉक्टरीणबाईंच्या गाडीत गेल्या होत्या.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच बांध्याच्या. छोटी, चार दारांची, कुठेही पार्क होणारी गाडी. कारकुनाची साधी, डॉक्टरीणबाईंची स्पोर्ट. बाहेरून फरक म्हणाल तर मागे एक बिल्ला आणि बंपरवर लाल रेघ. लोक म्हणायचे, रेघेचे एवढे पैसे घेतात होय! पण खरा फरक बॉनेटच्या खाली होता. स्पोर्टचे पिस्टन वेगळे, कनेक्टिंग रॉड ठोकून घडवलेले, तेल गार ठेवायला वेगळी जाळी. कॅमशाफ्टचे उंचवटे जास्त उभे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल उघडायचे. साधं इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर थांबायचं, स्पोर्ट आठ हजारांना हात लावायचं. एवढ्या वेगात उघडलेला व्हॉल्व्ह झटक्यात परत ओढून घ्यायचा तर स्प्रिंग तशीच ताठ लागते. निळ्या ठिपक्याची तार पांढरीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड. बस, एवढंच. पण तेवढ्यावरच सगळं अवलंबून होतं. स्प्रिंग मऊ असली की सात हजारांच्या पुढे व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, खालून पिस्टन वर येतो आणि दोघांची टक्कर होते. व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं तर इंजिन जागच्या जागी जाम होतं, आणि त्याच्याबरोबर पुढची चाकंही.

आणि डॉक्टरीणबाई आज अकरा वाजता शर्यतीला उतरणार होत्या.

लेकीने त्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शर्यतीच्या आधी फोन कपाटात ठेवावा लागतो, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं हेड जुळवलं होतं वडिलांनी. सगळा धंदा त्यांना उस्ताद म्हणायचा. शहरातल्या निम्म्या मेकॅनिकांनी पहिला पाना त्यांच्या हाताखाली धरला होता. गेलं वर्षभर ते कागद हातभर लांब धरून वाचत होते, आणि लेक ते बघत होती. त्यांनी जुळवलेलं काम ती गुपचूप पुन्हा तपासायची. महिन्यापूर्वी त्यांनी तिला पकडलं. "मी तुला शिकवलं, आणि आता तू मला तपासणार?" असं म्हणून दोन दिवस तोंड फिरवून बसले. त्यानंतर तिने तपासणं सोडून दिलं. घरात शांतता राहावी म्हणून सोडलं, आणि ती शांतता आता चांगलीच अंगाशी आली होती.

ती गाडी घेऊन घरी पोचली तेव्हा वडील खिडकीशी बसून दाढी करत होते.

"बाबा, डॉक्टरीणबाईंच्या गाडीत कोणत्या स्प्रिंगा घातल्यात?"

"निळ्या. आणखी कोणत्या?"

"निळ्या खणात आहेत."

"शक्य नाही."

तिने वाद घातला नाही. खिशातून एक स्प्रिंग काढून त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्याने तार चाचपली, एकदा, दोनदा. गालावरचा फेस तसाच सुकत होता.

"दाबताना हाताला हलकी लागली होती," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आज अंगात ताकद बरी आहे."

मग त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच ठेवून चपला पायात सरकवल्या. "चल. बघत काय उभी राहिलीस?"

शर्यत शहराबाहेरच्या जुन्या विमानतळावर होती. नेहमीचा चाळीस मिनिटांचा रस्ता, हातात पस्तीस. लेक जिवाच्या आकांताने गाडी हाकत होती. प्रत्येक सिग्नल जणू तिचीच वाट बघून लाल होत होता. वडील एका हातात फोन धरून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होते. दर खेपेला लेकीला विचारायचे, "हाच ना गं?" कारण त्यांना पडद्यावरचं नाव दिसत नव्हतं. वर्षभर जे लपवलं ते त्या पस्तीस मिनिटांत दहादा उघडं पडलं.

"पहिले दोन फेरे सावकाश असतात," ती म्हणाली. "टायर तापेपर्यंत कुणी दाबत नाही."

"ती बाई दाबते," वडील म्हणाले. "दात उपटणारी आहे ती. तिला दम धरवत नाही."

फाटकावर रखवालदाराने पास मागितला. पास नव्हता. लेक समजावत असतानाच वडील दार उघडून उतरले आणि सरळ आत चालू लागले. रखवालदार त्यांच्यामागे धावला आणि त्यामागून लेक. धावपट्टीवरून इंजिनांचा आवाज येत होता. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

पंच लाकडी मचाणावर उभे होते, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. खाली सात-आठ मेकॅनिक घोळक्याने उभे. त्यातले चार तरी वडिलांचे जुने शागीर्द. उस्तादांना पाहून ते वाकून नमस्कार करू लागले.

"लाल रेघेची ती छोटी गाडी थांबवा," लेक ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

"का? पळतेय की मस्त."

"इंजिनात चुकीचे भाग गेलेत. तुटेल ते."

पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एका गाडीसाठी लाल झेंडा म्हणजे बाराच्या बारा गाड्या थांबणार. ऐकीव गोष्टीवर मी झेंडा दाखवत नाही. नक्की माहितीये का तुम्हाला? भाग कुणी घातले?"

लाल रेघेची गाडी तेवढ्यात वळणावरून बाहेर आली आणि सरळ पट्टीला लागली. लेकीने कान टवकारले. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि अगदी वरच्या टोकाला त्यात एक फडफड मिसळली. ओल्या कपड्याला वाऱ्याने झोडपावं तशी. बाकी कुणाला कळली नसेल, पण तिने ओळखली: व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नव्हते.

घोळका बघत होता. वडिलांची मान ताठ होती, अर्ध्या गालावर पांढरे खुंट.

"मी घातले," ती म्हणाली. "माझी चूक झाली."

"खोटं बोलते ती," वडील म्हणाले. आवाज एवढा मोठा, की मागचा रखवालदारही गप्प झाला. "हेड मी जुळवलंय. निळ्या स्प्रिंगा घालायच्या त्या जागी पांढऱ्या घातल्या. मला दिसत नाही. वर्ष झालं, नीट दिसत नाही मला. आता झेंडा दाखवा, नाहीतर ती बाई मरेल!"

पंचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

पट्टीच्या टोकाला लाल झेंडा फडकला. एकेक गाडी वेग कमी करू लागली. छोटी गाडी मात्र झेंडा ओलांडून तशीच पुढे गेली, वळणात दिसेनाशी झाली. टायरांच्या ढिगापलीकडून एक कर्कश आवाज आला, मग काहीच नाही. तिला वाटलं, संपलं. वडिलांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले.

मग ढिगाच्या आडून गाडी रांगत बाहेर आली. तीनच सिलिंडरांवर लंगडत, खोकत, पण चारही चाकांवर.

डॉक्टरीणबाई उतरल्या, हेल्मेट काढलं आणि तडक त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "कोणी थांबवलं मला? तिसरी होते मी!"

लेकीने तिथेच बॉनेट उघडून वरचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. कॅमशाफ्टखाली सोळाच्या सोळा पांढरे ठिपके. तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला होता, वाकलेला. डोकं अजून शाबूत होतं. आणखी एक फेरा झाला असता तर नसतं.

वडिलांनी जे झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या गाडीच्या दाराला टेकल्या.

"मी एकदा चुकीची दाढ उपटलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "दुखरी शेजारी तशीच. पेशंट आरशात बघायच्या आत सांगून टाकलं." मग वडिलांकडे बोट रोखून म्हणाल्या, "उस्ताद, डोळे दाखवल्याशिवाय माझ्या गाडीला हात लावायचा नाही. आणि तू गं, तुला माहीत होतं ना? तू का गप्प बसलीस?"

लेकीने झाकण परत बसवलं आणि बॉनेट खाली ओढलं.

जुने शागीर्द गाडी ढकलायला पुढे आले. जाताना कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि तेच वडिलांना जास्त लागलं. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत बसले. पुढचे तीन दिवस गॅरेजला आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. दोन्ही डोळ्यांची."

मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. एकेक करून दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. महिन्याभराने काळा चष्मा लावून ते गॅरेजमध्ये आले, दारातच चष्मा काढला आणि चहूकडे नजर फिरवली.

"इतकी घाण होती इथे?"

"कायमच आहे."

ते तिच्या टेबलाजवळ आले. ती दुसऱ्या एका गाडीच्या हेडवर वाकून काम करत होती. त्यांनी हेडकडे पाहिलं नाही, तिच्याकडेच पाहत राहिले.

"तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"हळूहळू झाले, बाबा."

त्यांनी स्टूल ओढलं, तिच्या शेजारी बसले आणि हात पुढे केला. "दे एक स्प्रिंग. मी बसवतो. आणि नंतर तू तपास."