डेझीचा सोल्जर कट

सलूनवाल्या काकांनी डेझीच्या ताटव्यावरून शेवटची कात्री फिरवली आणि मागे सरून पाहिलं. सगळी झाडं वरून एकसारखी, सपाट.

काकू बादली घेऊन मागच्या अंगणात आल्या आणि जागीच थबकल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत! वाळकी फुलं काढा म्हटलं होतं. कळ्याही उडवल्यात!"

"एका लेव्हलला आणलंय."

"लेव्हलला? ही काय पोलीस भरतीला चाललीत?"

काका हसले नाहीत. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हाताला अशी सरसकट कापणीच जमत होती. एकेक देठ निवडायचा म्हटलं की अंगठा थरथरायचा. पुढच्या खोलीतलं सलून तेव्हापासून बंद होतं, आणि आता मुलाने तिथली खुर्ची विकायचं काढलं होतं. तो विषय निघाला की काकांना रडू यायचं, मग ते उगाच कुणावर तरी खेकसायचे.

काकूंनी एक देठ वाकवून धरला.

"हे बघा. वाळक्या फुलापासून खाली पहिल्या पानापर्यंत यायचं, तिथे कापायचं. नवा फुटवा तिथूनच येतो. प्रत्येकाची उंची वेगळी."

काका खाली वाकले. आतल्या पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी, भुरी, चढली होती.

"किती दाट झालंय गं हे! आत वारा जाईल कुठून? आधी विरळ करायला हवं."

"मग करा की."

"हात ऐकतोय कुठे माझं?"

"ऐकवा त्याला! कळ्या तुम्ही घालवल्यात, तुम्हीच परत आणायच्या."

खणायचं काम काकूंनी केलं. गड्डे सोडवून लांब लांब लावायचं काकांनी. भुरीची पानं खुडून टाकली. पाणी पानांवर न शिंपडता बुडाशी घालायचं ठरलं. कोवळ्या फुटव्यांवर माव्याची बारीक कीड दिसली तेव्हा साबणाच्या पातळ पाण्याने ती धुऊन काढली. मग कळ्या धरल्या, फुलं आली, जुनी वाळू लागली, आणि काका रोज स्टुलावर बसून एकेक देठ कापू लागले. कधी वाळक्याबरोबर कळीही जायची. मग हाताला अशा शिव्या पडायच्या की काकू खिडकी लावून घ्यायच्या.

एका सकाळी काकांनी वाळकं फूल कापलं आणि त्याला चिकटून असलेली कळी हललीसुद्धा नाही. त्यांनी दुसरं कापलं. मग तिसरं.

"अगं ए, बाहेर ये! जमलं! या लेकाच्या हाताला जमलं बघ!"

काकू आल्या. ताटवा पांढऱ्याशुभ्र फुलांनी नुसता भरला होता. त्यांनी कापलेले देठ उचलून पाहिले, डोळ्यांना पदर लावला आणि आत गेल्या. सलूनचं दार करकरत उघडलं.

काका मागोमाग गेले तर काकू खुर्चीत बसलेल्या, अंबाडा सोडलेला.

"टोकं फाटलीत. कापा."

"अगं, मी बायकांचे कापत नाही."

"आजपासून कापता."

तेवढ्यात मुलगा एका माणसाला घेऊन दारात आला. खुर्ची बघायला आलोय, असं म्हणत तो माणूस थेट आतच शिरला.

काकांनी पांढरं कापड झटकून काकूंच्या गळ्याभोवती बांधलं आणि कंगवा उचलला.

"बसा बाकावर," मान वर न करता ते म्हणाले, "गिऱ्हाईक बसलंय."