कच्च्या कामाची कोरी पानं

माझे बाबा विमा कंपनीत भांडणं मिटवायचं काम करतात. गाडी कुणी कुणाला ठोकली, गळती वरच्या मजल्यावरून आली की खालचा पाइप आधीच फुटका होता, असले दावे त्यांच्या टेबलावर येतात. बाबा दोघांनाही थोडं थोडं मागे सरकवतात आणि मधेच कुठेतरी सही घेतात. आपण एकही प्रकरण कोर्टात जाऊ दिलं नाही, हे ते जेवताना इतक्यांदा सांगतात की आई ताट वाढतानाच म्हणते, "नाही गेलं, माहीत आहे. जेवा आता."

मला गणित त्यांनीच शिकवलं, तेही स्कूटरवर. सिग्नलला थांबलो की ते पुढच्या गाडीच्या नंबराकडे हनुवटी करायचे. पहिल्या दोन आकड्यांना शेवटच्या दोन आकड्यांनी गुणायचं, सिग्नल सुटायच्या आत. मागच्या सीटवर वही कुठून येणार? सगळं डोक्यात. उत्तर बरोबर आलं की "वा, आकडेबाई" म्हणून विनाकारण हॉर्न वाजवायचे, आणि पुढचा माणूस वळून आमच्याकडे खाऊ की गिळू असं बघायचा.

प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या पेपरात शेवटी कच्च्या कामासाठी पानं असतात. माझी कोरी राहिली. आमच्या केंद्रावर पेपर आधीच फुटला होता, हे नंतर कळलं. ज्यांची पानं कोरी आणि मार्क मात्र भरघोस, त्या सगळ्यांना मंडळाने चौकशीला बोलावलं. त्यात मी.

मी रडले. बाबा म्हणाले, "रडतेस काय? तुला हिशेब करताना माझ्याइतकं कुणी पाहिलंय? मी सांगतो ना त्यांना." एवढं ऐकलं आणि मी पोटभर जेवले, शांत झोपलेही.

चौकशीच्या खोलीत एक अध्यक्षबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी गणिताचे एक प्राध्यापक. मधे पाण्याचा जग, त्याला कुणी हात लावलेला नाही. बाईंनी सरळ सांगून टाकलं. पेपर आधी पाहिला होता असं मान्य केलं, तर फक्त या वर्षीचा निकाल रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. नाकारलं तर पूर्ण चौकशी, आणि त्यात दोषी ठरले तर तीन वर्षं बंदी. मी अजून अठरा वर्षांची झाले नव्हते, त्यामुळे सही बाबांची लागणार होती.

"मी पेपर पाहिला नव्हता," मी म्हटलं. "मी डोक्यातच करते. बाबांना विचारा."

दोघंही बाबांकडे बघायला लागले. बाबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता स्कूटरची गोष्ट निघणार.

"फक्त याच वर्षापुरतं?" त्यांनी विचारलं. "कुठे नोंद वगैरे?"

"नोंद राहणार नाही," बाई म्हणाल्या.

बाबांचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. फोनवर फुटक्या पाइपवाल्यांशी ते याच आवाजात बोलतात.

प्राध्यापक मघापासून माझ्याकडे बघत होते. "थांबा ना बाई. मुलगी म्हणतेय तर बघू या. कागद नको, पेन नको. मी तोंडी गणित घालतो, तू तोंडी सांग."

माझ्या जिवात जीव आला. मी खुर्चीत पुढे सरकले. सरांनी पहिली संख्या सांगितलीसुद्धा.

"नको सर." बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "उगाच पोरीला कशाला ताणायचं? चूक झाली तिच्याकडून. वय आहे. सही कुठे करू?"

ती चूक करणारी म्हणजे मी, हे मला क्षणभर कळलंच नाही. केसाने गळा कापणं हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून किती वेळा लिहिलं होतं. तो हात इतका उबदार असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. "मी नाही केलं," मी पुन्हा म्हटलं. तोवर सही झाली होती आणि सर पाण्याच्या जगाकडे हात करून म्हणत होते, घे थोडं.

जिन्यात मी बाबांना थांबवलं.

"मी पेपर पाहिला होता असं वाटतं तुम्हाला?"

"वाटण्याचा प्रश्न नाही गं. तीन वर्षं गेली असती. एका वर्षावर निभावलं."

"पण वाटतं का?"

ते खिशात किल्ली चाचपत राहिले. किल्ली त्यांच्या हातातच होती. "माझ्यासमोर रोज माणसं पोराबाळांच्या शपथा घेऊन खोटं बोलतात. चांगली माणसं." मग हळूच म्हणाले, "अख्खा पेपर, एक रेघ न ओढता... बाळा, रस्त्यावरचे गुणाकार वेगळे."

"मग सरांना विचारू का नाही दिलंत?"

"आणि तुला आलं नसतं तर?"

म्हणजे भीती त्या तीन वर्षांची नव्हतीच. मी तोंडघशी पडणार, अशी त्यांची खात्री होती. ज्याने मला शिकवलं, त्यालाच मला येतं हे खरं वाटत नव्हतं. दुसरं कुणी मला चोर म्हणालं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. यांच्याशी काय भांडू?

स्कूटरवर मी त्यांना धरलं नाही. मागच्या कडीला धरून बसले. चौकात सिग्नल लाल होता आणि पुढे एक पांढरी गाडी, ४७३६. बाबा बराच वेळ त्या नंबराकडे बघत होते. मग त्यांनी हनुवटी केली, अगदी थोडी.

"आकडेबाई?"

सोळाशे ब्याण्णव. त्यांनी हाक मारायच्या आधीच आलं होतं. ते आज हे का विचारतायत, तेही मला कळलं. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, घाबरलेले. सांगितलं असतं तर आपण कशावर सही करून आलो, हे त्यांना तिथल्या तिथे समजलं असतं. आणि ते त्यांच्या डोक्यावर ठेवायला माझं मन होईना.

"नाही येत, बाबा," मी म्हटलं.

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला तरी त्यांनी गाडी काढली नाही. मग त्यांचे खांदे खाली आले, ओझं उतरावं तसे.

"असू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट तयारी करू."