आतल्या मांडीची कळ

कपडे शिवून दोन मुलं वाढवलेली ती बाई ऐंशीव्या वर्षी वाळून काडी झाली होती. थोरल्या लेकीकडे राहायची. लेक हाडांच्या वॉर्डात बावीस वर्षं सिस्टर, त्यामुळे घरात दुखण्याखुपण्याबाबत तिचा शब्द शेवटचा.

सोमवारी म्हातारीच्या उजव्या मांडीत, आतल्या अंगाने गुडघ्यापर्यंत कळ निघाली. पाय पोटाशी घेतला की बरं वाटे. लेक म्हणाली, असा ठेवलास तर कायमचा आखडेल. तिने घोट्याला धरून पाय सरळ ओढला. म्हातारी कळवळली, तशी लेक जावयाला म्हणाली, ‘‘आईची दुखणी माणसं बघून येतात.’’

त्यालाही कारण होतं. लेकीला परगावी बढती मिळाली तेव्हा म्हातारीच्या छातीत दुखायला लागलं होतं. लेकीने बढती नाकारली आणि दुसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. लेक ते विसरली नव्हती.

मग दिवसातून तीनदा वॉकर घेऊन चालणं आणि तीनदा पाय ओढणं सुरू झालं. मंगळवारी म्हातारीला ओकाऱ्या झाल्या. लेकीच्या मते ते तिने दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांचं पित्त होतं. बुधवारी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, संडास बंद होऊन तीन दिवस झाले होते. लेकीने नाक दाबून रेचक पाजलं. जावयाने डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर तुमच्या बँकेत मी लुडबुड करते का, असं तिने विचारलं. तो डबा उचलून कामावर गेला.

गुरुवारी सकाळी म्हातारी तपकिरी ओकली. त्याला विष्ठेचा वास होता. तो वास लेकीने वॉर्डात ओळखला असता, तसा घरातही ओळखला. बादली खाली ठेवून तिने अँब्युलन्स बोलावली.

तिच्याच हॉस्पिटलात स्कॅन झाला. सर्जनने समजावून सांगितलं: कमरेच्या हाडाला खाली एक छिद्र असतं, एरवी चरबीने बुजलेलं. फार वाळलेल्या म्हाताऱ्यांची ती चरबी झडते आणि क्वचित आतडं त्यात अडकतं. मांडीची नस तिथूनच जाते, म्हणून कळ मांडीत येते. पाय ताणला की ती वाढते.

‘‘असं फार कमी दिसतं,’’ तो म्हणाला. ‘‘पण चार दिवस गेले. पाय कुणी ओढत होतं का?’’

लेक नाही म्हणाली.

स्ट्रेचरवरून म्हातारीने डोळे उघडले. ‘‘ओढत होत्या ना,’’ ती म्हणाली. ‘‘या सिस्टर.’’

सर्जनने लेकीकडे पाहिलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं.

वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापलं. विष अंगात भिनलेलं होतं. म्हातारी सहा दिवस जगली आणि शुद्धीवर असेपर्यंत लेकीला सिस्टरच म्हणत राहिली, कधी पाणी मागताना, कधी माझ्या लेकीला बोलवा म्हणताना. ते भ्रमात होतं की मुद्दाम, हे लेकीला शेवटपर्यंत कळलं नाही.

भेटायला येणाऱ्यांना लेक सांगायची, लाखात एखाद्याला होतं, मोठमोठ्यांनाही सापडत नाही. धाकट्या भावाने तिचा हात धरून म्हटलं, ‘‘ताई, तू घरात होतीस म्हणून आईचं एवढं तरी झालं.’’ तिने मान डोलावली.

जावई शेजारीच बसला होता. त्या रात्री त्याने नवराबायकोच्या खोलीतून आपली उशी उचलली आणि तो म्हातारीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेला. परत तो बायकोच्या खोलीत झोपायला आला नाही.