पहिला नंबर आणि फायनल

चौदा सामने, त्यातले तेरा आम्ही जिंकलेले. रग्बीच्या लीगमध्ये असा संघ विजेता नाही तर कोण? पण आमच्याकडे पहिल्या चार संघांची बाद फेरी होते आणि एका दुपारी ज्याचं नशीब फळफळेल तो कप घेऊन जातो. माझा खांदा कामातून गेलाय, हा शेवटचा मोसम, आणि कप्तान म्हणून मी एकदाही कप उचललेला नाही. म्हणून बाद फेरीच्या तोंडावर मी ठराव मांडला: गुणतक्त्यात पहिला तोच विजेता.

बैठक कपडे बदलायच्या खोलीत होती. ओल्या मोज्यांच्या वासात आठ कप्तानांनी आठ चिठ्ठ्या टाकल्या. चौथ्या नंबरावरच्या संघाचे कप्तान आमचे भावोजी. सात सामन्यांत आपटलेला हा माणूस समोर बसून निवांत सफरचंद खात होता. माझं टाळकंच सटकलं.

मतं पडली चार-चार. निर्णय अध्यक्षांवर आला, आणि अध्यक्ष माझी सख्खी ताई.

"मोसम चालू असताना नियम बदलायचा नाही. पुढच्या वर्षी ठराव आण. फायनल होणार," ती म्हणाली.

"सरळ सांग ना, नवऱ्याचं घोडं पुढे दामटायचंय."

"तोंड सांभाळ."

"आजपासून मला बहीण नाही," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

ताईनं चष्मा पुसला. "पुढचा विषय, मैदानाचं गवत."

बाद फेरीत दोघंही जिंकत गेलो आणि फायनल नेमकी भावोजींच्या संघाशीच पडली. आम्ही त्यांना अक्षरशः लोळवलं. ताईनं कप माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत टाळ्या वाजवल्या.

नंतर खोलीत भावोजी बूट सोडत होते. "हरलात," मी म्हणालो. "बायकोचं मत फुकट गेलं."

"माझी चिठ्ठी तुझ्या बाजूची होती," ते म्हणाले. "तेरा सामने जिंकणाऱ्यालाच कप मिळावा, असं मलाही वाटतं. त्यावरून ती घरी माझ्यावरही उखडली."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू कुणाला बोलू दिलंस?"

ताई दारात आली. "ताई," मी म्हणालो.

तिनं भावोजींकडे पाहिलं. "विजेत्या कप्तानांना सांगा, आवरून घ्या. मला कुलूप लावायचंय."