काळजीवाहूचे एकतीस महिने

क्लबहाउसच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी फळा होता आणि त्यावर दहा पितळी पट्ट्या. वरच्या ओळीत मालकांच्या तीन, खालच्या ओळीत जनरल मॅनेजरांच्या सात. पट्टीला दोन स्क्रू, म्हणजे एकूण वीस हवेत. सिद्धीने मोजले तर एकोणीस भरले. शेवटच्या पट्टीचा उजवा स्क्रू गळून पडला होता आणि पट्टी एका अंगाला कलली होती. तिच्यावर कोरलेलं होतं, ‘व्ही. के. पेंढारकर, केअरटेकर’. हेच नाव, हाच हुद्दा खालच्या ओळीत आणखी दोनदा होता.

सिद्धी पामर्स्टन नॉर्थहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन आली होती आणि ओटाहुहुमधल्या साउथ ऑकलंड हेरन्स या व्यावसायिक बेसबॉल क्लबमध्ये दहा महिने खेळाडूंचे आकडे सांभाळत होती. आता क्लबला चौथा मालक मिळाला होता, चंद्रहास कीर्तने, आणि त्याने पहिलंच काम तिच्यावर सोपवलं होतं. सात वर्षांत क्लबचे मालक कोण होते आणि कारभार कोणी चालवला, याची तारीखवार यादी लीगकडे पाठवायची होती.

यादी करायला गंमत येत होती. पहिला मालक पोहण्याचे तलाव बांधायचा. दोन हंगामांत त्याचा उत्साह आटला. मग तीन दातांचे डॉक्टर आले, ते आपसात भांडले. मग एक ऑस्ट्रेलियन कंपनी आली, तिच्यातला एकही माणूस मैदानावर फिरकला नाही. जनरल मॅनेजर चार झाले. एक अमेरिकन घरच्या आठवणीने परत गेला, एक रग्बीतून आला आणि रग्बीतच गेला, ख्राइस्टचर्चची बाई चांगली होती म्हणून तिला दुसऱ्यांनी पळवलं, आणि शेवटचा ब्रिस्बेनमधून कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा घ्यायचा. त्यांतले तिघे गेल्यावर मधल्या काळात क्लब चालवला विश्वनाथ पेंढारकरांनी. एरवी ते ऑपरेशन्स मॅनेजर.

ते चहाचे दोन मग घेऊन आले तेव्हा सिद्धी फळ्यासमोरच उभी होती.

“काका, हे केअरटेकर असं का हो लिहिलंय?”

“अगं, मीच लिहायला सांगितलं. इथे ओटाहुहुत किल्ल्या करणाऱ्याकडून कोरून घेतलं.” विश्वनाथांनी कललेली पट्टी बोटाने सरळ केली, ती पुन्हा कलली. “सगळे म्हणत होते, अ‍ॅक्टिंग जनरल मॅनेजर लिही. म्हटलं, अ‍ॅक्टिंग म्हणजे नाटक. मी काय नाटक करत होतो का? आपल्याकडे सरकार पडलं की कोण असतो?”

“काळजीवाहू मुख्यमंत्री.”

“हां. काळजीवाहू. किती सुंदर शब्द आहे. केअरटेकर.”

सिद्धी इथल्याच शाळेत शिकली होती. तिच्या शाळेत केअरटेकर होता. तो गटारं साफ करायचा आणि छपरावरचे बॉल काढून द्यायचा. तिला हसू आलं, पण तिने ते चहात बुडवलं.

“काका, एक सांगू? लीगचा नियम वाचलाय मी. मालक बदलला आणि क्लबमध्येच चोवीस महिने जनरल मॅनेजरचं काम केलेला माणूस असेल, तर त्या खुर्चीवर पहिला हक्क त्याचा. मालकाला दुसरा आणताच येत नाही.”

“बरं मग?”

“मग तुमचे किती झाले? पाच, चौदा आणि बारा.”

विश्वनाथांनी चहाचा मग खाली ठेवला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला, एकदा, मग पुन्हा.

“एकतीस,” ते म्हणाले.

“एकतीस.”

“नक्की ना गं? तुझं गणित चुकत नाही म्हणून विचारतो.”

“माझं गणित चुकत नाही, काका.”

त्या आठवड्यात त्यांनी गडद निळं जाकीट शिवायला टाकलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

पुरावा मात्र लागणार होता. सिद्धीने कपाटातले खेळाडूंचे करार काढले. त्या एकतीस महिन्यांत सेहेचाळीस करार झाले होते आणि सगळ्यांवर विश्वनाथांची सही होती. सहीखाली त्यांच्याच गोल अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, ‘जनरल मॅनेजरकरिता’. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. पुण्याला पाटबंधारे खात्यात बारा वर्षं काढलेला माणूस. साहेबाच्या जागी सही केली की खाली ‘करिता’ लिहायचं, हे हातात बसलेलं. साहेब मुळात नाहीच, हे हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या फायलीत एक पत्र निघालं. लीगच्या अध्यक्षांनी तीन वर्षांपूर्वी पाठवलेलं, खाली शिक्का. वर लिहिलं होतं, ‘श्री. पेंढारकर, जनरल मॅनेजर, साउथ ऑकलंड हेरन्स’. असं पत्र एकच होतं.

चंद्रहासने यादी टेबलावर पसरून वाचली. चाळिशीचा, औषधांच्या दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणारा, बोलायला अतिशय गोड.

“हा केअरटेकर कोण गं? तीनदा आलाय.”

“विश्वनाथकाका. तेव्हा तेच जनरल मॅनेजर होते.”

“असं कुठे लिहिलंय?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“तू सायन्सची ना?” चंद्रहास हसला. “सगळ्यांना माहीत आहे, हा डेटा झाला का?”

सिद्धीचे कान तापले. हाच टोमणा तिने कोचला कितीदा मारला होता.

“त्यांनी सेहेचाळीस करारांवर सह्या केल्यात.”

“बघू.” त्याने चार करार उलटले. “जनरल मॅनेजरकरिता. कोणाकरिता? खुर्ची तर रिकामी होती. रिकाम्या खुर्चीकरिता सही करणारा माणूस मी पुण्याबाहेर पहिल्यांदा बघतोय.” तो मनापासून हसला आणि मग हसणं थांबवलं. “हे बघ, माझा मेहुणा आहे ना, इंद्रनील, त्याने ख्राइस्टचर्चला इनडोअर स्पोर्ट्स सेंटर अडीच वर्षं चालवलंय. सगळं लेखी. जानेवारीत तो आला की मला डेटा विभागाला प्रमुख हवा. नेमकं काम करणारं माणूस. जे लिहिलंय ते पाठवणारं, जे वाटतं ते नाही. कळलं?”

“कळलं.”

“फळ्यावर जे आहे ते टाइप कर. अक्षरही बदलू नकोस.”

ते पत्र तिच्या हातातल्या फायलीत, वरून तिसरं होतं. तिने फाइल उघडली नाही. जागेवर येऊन लीगचा फॉर्म भरला. पेंढारकर यांच्यापुढे ‘केअरटेकर’ तीनदा आलं. शेवटचा रकाना होता, ‘अन्य सहायक कागदपत्रांची संख्या’. तिने आधी एक टाइप केला. मग खोडून शून्य केला आणि फॉर्म पाठवला. पत्र तिच्या खणात गेलं.

घोषणा शनिवारी दुपारी मैदानावर झाली. बार्बेक्यूवर सॉसेजेस, खेळाडू जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून गवतावर पसरलेले. विश्वनाथ नोव्हेंबरच्या उन्हात निळं जाकीट घालून ताठ उभे होते. शेजारी आशालताबाई, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

“किया ओरा, एव्हरीवन!” असा माओरी नमस्कार करत चंद्रहास खुर्चीवर चढला. लीगने सगळं मंजूर केलंय, म्हणाला. नवा जनरल मॅनेजर इंद्रनील. टाळ्या पडल्या. विश्वनाथांनीही वाजवल्या, हात सवयीने वाजले असावेत, कारण चेहऱ्याला अजून काही समजलं नव्हतं.

“आणि आपले विश!” चंद्रहासने किल्ल्यांचा मोठा जुडगा वर धरला. “ज्याच्या नावावर तीनदा केअरटेकर कोरलंय, त्याला मी दुसरं काही कसं करू? ऑपरेशन्सची कटकट आजपासून संपली. दारं, मैदान, गवत कापायचं मोअर, सगळं तुमचं. आमचा केअरटेकर, कायमचा!”

खेळाडूंना तो प्रेमाचा विनोद वाटला. “स्वीट अ‍ॅज, विश!” झकास म्हणावं तसं कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. चंद्रहास खाली उतरला, जुडगा त्यांच्या हातात ठेवला आणि मराठीत हळूच म्हणाला, “शब्द तुमचाच आहे, विश्वनाथराव. मी फक्त मान राखला.”

आशालताबाईंना इंग्रजी भराभर कळत नसे. त्यांनी सिद्धीचा हात धरला. “काय म्हणाले गं?”

सिद्धी म्हणाली, “काका इथेच राहणार म्हणाले. कायमचे.”

“म्हणजे झालं ना एकदाचं?” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “वाटू का मग?”

थांबा म्हणायला सिद्धीने तोंड उघडलं, तोवर त्या डब्याचं झाकण काढून पहिला लाडू चंद्रहासच्या हातावर ठेवत होत्या. त्याने तो दोन घासांत खाल्ला आणि छान झालाय म्हणाला. मग त्या एकेकाकडे जात राहिल्या, “माय हजबंड, बिग पोस्ट,” असं सांगत. कोणी त्यांना अडवलं नाही. शेवटचा लाडू त्यांनी नवऱ्यासमोर धरला. विश्वनाथांनी एका हातात किल्ल्या, दुसऱ्यात लाडू घेतला, आणि बायकोकडे बघत तो सगळा खाल्ला.

जानेवारीत, हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी माउंड मोजायचं होतं. चेंडू टाकणारा पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा फलंदाजापुढच्या होम प्लेटपेक्षा बरोबर दहा इंच उंच लागतो, आणि तो मोजायचा मान विश्वनाथांनी सात वर्षं कोणाला दिला नव्हता. पाटबंधारे खात्यात शिकलेली विद्या. तिपाईवरच्या दुर्बिणीला त्यांनी डोळा लावला. सिद्धी आकड्यांची उंच पट्टी धरून होम प्लेटवर उभी होती. फॉर्मवर तिच्या नावापुढे ‘डेटा प्रमुख’ छापलेलं होतं. मोजणाऱ्याच्या नावापुढे, ‘केअरटेकर’.

“सरळ धर गं. हलवू नकोस.” त्यांनी आकडा लिहून घेतला. मग डोळा न काढताच विचारलं, “सिद्धी, त्या करारांच्या फायलींत लीगचं एक पत्र होतं. शिक्क्याचं. तुला सापडलं नाही का?”

“नाही, काका.”

“बघितलंस ना नीट?”

“सगळी कपाटं बघितली.”

“हं.” त्यांनी दुर्बीण माउंडकडे वळवली. “मग मीच कुठेतरी हरवलं असेल. चल, माउंडवर जा.”

ती माउंडवर गेली आणि पट्टी उभी धरली. या वेळी पट्टी हलली नाही.

होम प्लेटवर पट्टीचा आकडा १.६१२ मीटर. माउंडवर, जागा उंच म्हणून कमी, १.३५८. फरक ०.२५४ मीटर, म्हणजे दहा इंच.