शेवटची रांग

तिसऱ्या डब्यातल्या ओकारीवर मी लाकडाचा भुसा टाकत होतो आणि माझ्या डोक्याशी उभा राहून तो मुलगा मला सांगत होता की आमच्या राइडला एअरटाइम नाही. एअरटाइम म्हणजे उतारावर बूड सीटवरून उचललं जातं ते. ओकारीत भेळेतले शेंगदाणे जसेच्या तसे होते. मी श्वास रोखून खाली वाकलो होतो, म्हणून मला त्याला उत्तर देता आलं नाही, आणि त्याला उत्तराची गरजही नव्हती.

मुलाचं नाव यज्ञेश. काळा टी-शर्ट, पाठीवर वळणावळणाच्या रुळांचं चित्र, खाली त्यांच्या क्लबचं नाव. या लोकांचा क्लब असतो हे मला तेव्हाच कळलं. दुबई, सिंगापूर, जर्मनी असं करत त्याचे एकशे बारा रोलर कोस्टर बसून झाले होते आणि प्रत्येकाबद्दल त्याचं पक्कं मत होतं. साखळीने खडखडत वर नेणारे म्हणजे आजोबांच्या जमान्यातले. खरे ते चुंबकाच्या जोरावर गाडी फेकणारे. पाय लोंबकळत ठेवणारे बरे, पण उभ्याने बसायचे अगदी बकवास. उभ्याने कसं बसतात हे मी विचारलं नाही.

त्याच्याबरोबर गंधाली नावाची एक मुलगी होती, तिचं मत वेगळं. तिला लाकडी रुळांचे आवडायचे, कारण ते डुलतात आणि उन्हापावसाप्रमाणे रोज वेगळे लागतात. गोल उलटं फिरवणारं लूप म्हणजे नुसता दिखाऊपणा, असं ती म्हणाली. त्यावर दोघांचं जुंपलं. पुढची रांग बरी की मागची, पट्टा मांडीवर असावा की खांद्यावर, मी भुसा खरवडून फिनाइलचं फडकं फिरवेपर्यंत हेच चाललं होतं. हातातल्या मोबाइलवर यज्ञेशने माझ्या बादलीचंही चित्रीकरण केलं. लोकांना ओकारी बघायला आवडते म्हणे. मला त्या बादलीपेक्षा त्याची जास्त किळस आली.

मग तो म्हणाला, "पण काका, लास्ट रो, थर्ड टर्न. तो झटका म्हणजे वेडेपणा आहे यार. कोणी डिझाइन केला तो?"

"झिजलेल्या चाकाने," मी म्हटलं.

तो खो-खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मी दत्ताराम पेडणेकर, मुलुंडच्या डोंगरापायथ्याच्या आमच्या पार्कात बावीस वर्षं फिटर आहे आणि बावीस वर्षं एकाच राइडवर आहे. तिचं नाव वावटळ. लहानशीच आहे. एक साखळीचा चढ, एक मोठा उतार, चार वळणं. मला हे काम सीताराम मिस्त्रींनी शिकवलं. रोज सकाळी गाडी आधी वाळूच्या पोत्यांनी भरून सोडायची, मग पोती काढून फिटरने स्वतः बसायचं. बसायचं ते शेवटच्या सीटवर आणि डोळे मिटून. गाडीच्या खोड्या शेपटीला कळतात, मिस्त्री म्हणायचे, आणि डोळे उघडे असले की माणूस डोंगर बघत बसतो. उतरल्यावर छापील नंबराच्या वहीत सही करायची, 'प्रवाशांसाठी योग्य'. फिटरची सही झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. साधी राइड कशी असावी, तर उतरणाऱ्याला काही दुखलं नाही हेसुद्धा आठवू नये अशी. माझं सगळं कसब एवढ्यासाठीच होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नसे, याचा मला अभिमान होता.

शेवटच्या डब्याच्या डाव्या चाकांवरचं रबरासारखं अस्तर झिजलं, तेव्हा ते मला पहिल्याच सकाळी पाठीत कळलं. चाक आणि रूळ यांत फट पडली की वळणावर डबा आधी बाहेर जातो आणि मग आपटतो. मी अर्ज दिला. महिनाभराने दुसरा दिला. मॅनेजर श्यामसुंदर साहेब दोन्ही वेळा बघू म्हणाले.

मग शाळेची एक सहल आली. बरोबरच्या बाई मुद्दाम शेवटच्या सीटवर बसल्या, म्हणजे सगळी मुलं डोळ्यांसमोर राहतील. उतरल्या तेव्हा त्यांचा हात मानेवर होता आणि मुलांनी घाबरू नये म्हणून त्या हसत होत्या. आठवड्याने शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. बाईंच्या मानेला पट्टा लागला होता आणि डॉक्टरांनी दीड महिना रजा सांगितली होती. तेव्हा कुठे साहेब हलले. येत्या मंगळवारी पार्क बंद असतं, त्या दिवशी चाकं साकीनाक्याला धोंडिरामच्या कारखान्यात अस्तर चढवायला न्या, असं त्यांनी मला तोंडी सांगितलं.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी हा यज्ञेश उगवला.

रविवारी संध्याकाळी जोगेश्वरीला घरी जेवत असताना माझ्या मुलाने, नितेशने, मोबाइल माझ्यासमोर धरला. त्याला केवढा आनंद झाला होता. बाबा, तुमची राइड व्हायरल, धुमाकूळ घातलाय एकदम. व्हिडिओत यज्ञेश तिसऱ्या वळणाला मुंबईतला सगळ्यात खतरनाक धक्का म्हणत होता आणि मग ते वळण सावकाश करून दाखवलं होतं. शेवटच्या रांगेतली दोन डोकी डावीकडे झुकतात, थांबतात, आणि उजवीकडे फाटकन आपटतात. वर कोणीतरी ढोलकीचा आवाज टाकला होता. खाली शेकडो लोकांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली होती. मी ताट बाजूला सारलं. माझ्या हाताखालच्या राइडच्या बिघाडावर माणसं टाळ्या वाजवत होती.

माझी बायको प्रेमा म्हणाली, "तुमका काय झाला? जेवणात काय चुकला काय?"

जेवणात काही चुकलं नव्हतं.

सोमवारी, एरवी ओस पडलेल्या दिवशी, वावटळीसमोर रांग कँटीनपर्यंत गेली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, जी बावीस वर्षांत दिली नव्हती. म्हणाले, "पेडणेकर, चाकांना इतक्यात हात लावू नका. लोक त्या धक्क्यासाठीच येतायत ना."

मी बाईंच्या मानेची आठवण दिली. ते म्हणाले की बोर्ड लावू, मानेचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. बुधवारी बोर्ड लागला. त्यावर 'शेवटची रांग, जपून बसा' असं होतं, खाली दात विचकणारी कवटी होती, आणि शेवटच्या रांगेला वेगळं तिकीट सुरू झालं. माणसाच्या मानेचं दुखणं विकायला काढलं होतं आणि लोक ते घ्यायला उन्हात उभे होते. ओकाऱ्याही वाढल्या. दिवसाला भुशाचं एक पोतं मला पुरेना.

आणि मी काय करत होतो? रोज सकाळी सही करत होतो. 'योग्य'. खाली तारीख.

पुढच्या शनिवारी यज्ञेश अख्खा क्लब घेऊन आला, बारा जण, सगळ्यांचे काळे टी-शर्ट. पाळीपाळीने शेवटच्या रांगेत बसून ते वहीत गुण देत होते. धक्क्याला दहापैकी नऊ, साडेनऊ. एकाचं म्हणणं पडलं की महागड्या परदेशी कोस्टरांत हल्ली सगळं लोण्यासारखं झालंय, राइडने माणसाला मारलं पाहिजे, तरच ती लक्षात राहते. यज्ञेशने माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि सगळ्यांना सांगितलं की या काकांनी हा धक्का सांभाळून ठेवलाय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, प्लीज, हा कधी रिपेअर करू नका हां. हाच हिचा आत्मा आहे."

बावीस वर्षांत कोणी माझ्या कामाचं कौतुक केलं नव्हतं. केलं तर कशाचं केलं. मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि फिनाइलची बादली घेऊन मागे गेलो.

मागे पाण्याच्या टाकीजवळ गंधाली एकटी बसली होती. तिने छोट्या ट्यूबमधलं मलम बोटावर घेतलं होतं आणि केस बाजूला करून ती मानेला चोळत होती. मला पाहून ओशाळल्यासारखी झाली. दुखतंय का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली की इतकं काही नाही, सगळ्यांनाच होतं. मीही नऊ गुण दिलेत, असंही म्हणाली. मग तिने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः बसता का हिच्यात?"

"रोज सकाळी. बसल्याशिवाय सही करत नाही."

"कुठल्या रांगेत?"

खोटं बोलणं काही अवघड नव्हतं. पण त्या मलमाचा वास माझ्या घरातल्या मलमासारखाच होता आणि माझ्या तोंडून खरं गेलं. "आजकाल मधल्या डब्यात," मी म्हटलं.

तिला त्यात काहीच वाईट दिसलं नाही. ट्यूबचं झाकण लावता लावता तिने सहज विचारलं, "मग शेवटच्या रांगेचं कोण बघतं?"

ती गेली. दोन महिन्यांपूर्वी, पहिला अर्ज दिल्यावर आठवड्याभरात, माझी मान धरली होती. तेव्हापासून मी मधे बसू लागलो होतो. मधे धक्का लागत नाही. अर्ज दिलाय ना, आपलं काम झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या बाई शेवटच्या सीटवर बसल्या, त्या सकाळीही मी मधेच बसून 'योग्य' लिहिलं होतं. यज्ञेशला शिव्या घालत होतो, साहेबांना घालत होतो, रांगेतल्या लोकांचा मला वीट आला होता. पण साहेब सोडले तर त्यातल्या कोणालाच ते चाक खरोखर झिजलंय हे माहीत नव्हतं, आणि साहेबांना माहीत होतं ते मी सांगितल्यामुळे. सगळं ठाऊक असून स्वतःची मान वाचवणारा मी एकटा होतो. बादलीतल्या घाणीकडे पाहून जी शिसारी येत नाही ती मला माझ्या सहीची आली.

रविवारी सकाळी वाळूची पोती उतरवली आणि मी शेवटच्या सीटवर जाऊन बसलो. मांडीवरचा दांडा खाली ओढला, डोळे मिटले. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्याला डबा बाहेर गेला व आपटला. कानामागून खांद्यापर्यंत एक तिडीक गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. उतरलो, वही उघडली, आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिलं, 'अयोग्य. शेवटच्या डब्याची डावी चाकं.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

साहेब धावतच आले. बाहेर रविवारची रांग लागली होती. पान फाडा म्हणाले. पानांवर छापील नंबर होते, त्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. मग आवाज खाली आणून त्यांनी मला समजावलं की दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत दम धरा, पुढे बघू.

"साहेब, तुम्ही शेवटच्या सीटवर एक फेरी मारा," मी म्हटलं. "मग तुम्ही सांगाल ते लिहितो."

त्यांनी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. बसले नाहीत.

वावटळ सहा दिवस बंद राहिली. चाकं मीच सोडवली, पोत्यात घालून रिक्षाने साकीनाक्याला नेली, आणि धोंडिरामच्या दारात बसून अस्तर चढवून घेतलं. सातव्या दिवशी सकाळी शेवटच्या सीटवर डोळे मिटून बसलो. तिसरं वळण कधी आलं आणि कधी गेलं, ते मला मोजून ओळखावं लागलं. वहीत 'योग्य' लिहिलं. माझी ती वावटळीच्या वहीतली शेवटची सही. दुपारी मला कागद मिळाला, उद्यापासून टॉय ट्रेन. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना मी लहान मुलांच्या आगगाडीवर गेलो. ती तळ्याभोवती फिरते आणि तिच्यावर कोणाचंच काही मत नसतं.

क्लबचा निकाल नितेशनेच मला वाचून दाखवला, यावेळी जरा चाचरत. 'वावटळ मेली,' असं यज्ञेशने लिहिलं होतं. मुंबईतली एकमेव जिवंत राइड कोणा मूर्ख मेकॅनिकने मारून टाकली, दहापैकी दोन. माझ्याबरोबरचा फोटो त्याने काढून टाकला होता. रांग आटली आणि कवटीचा बोर्ड उतरवून कोणीतरी कँटीनमागे उलटा टाकला.

पंधरा-एक दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मी आगगाडीच्या इंजिनाला तेल देत होतो. वावटळीच्या उतरायच्या दारातून गंधाली बाहेर येताना दिसली. एकटीच होती, काळा टी-शर्ट नव्हता. मला ओळखून तळ्याच्या कठड्यापाशी आली.

"एकदम बोअर झालीय काका," ती म्हणाली. "काही कळतच नाही."

"किती वेळा बसलीस?"

"तीनदा. शेवटच्या रांगेत."

मग ती आणखी काही सांगत राहिली, कुठल्याशा लाकडी कोस्टरबद्दल. मी हो हो म्हणत होतो, पण माझं लक्ष तिच्या हातांकडे होतं. दोन्ही हात जीन्सच्या खिशात होते, आणि ती जाईपर्यंत ते तिथेच राहिले, एकदाही मानेकडे गेले नाहीत.